यकृतात मुक्कामाला आलेले थोरियम

गॅसबत्ती ज्यांनी स्वतः पेटवली आहे त्यांना तिचे मँटल नक्की आठवत असेल. खेडोपाडी वीज पोहोचण्याआधी लग्नाची वरात, तमाशाचा फड, गणपतीची मिरवणूक असे सगळे या बत्तीच्या उजेडात चालायचे. नवे मँटल म्हणजे मऊ जाळीदार कापडाची छोटीशी पिशवी. ती बत्तीत बांधायची आणि तिला काडी लावायची. कापड जळून जाई आणि मागे राखेचा एक पांढरा, नाजूक सांगाडा उरे. बोट लागले की त्याचा भुगा होई, पण आच लागली की तोच सांगाडा झगझगीत पांढरा प्रकाश देई.

ही राख म्हणजे बहुतांशी थोरियमचे ऑक्साइड. थोरियम ऑक्साइडमध्ये सुमारे एक टक्का सेरियम ऑक्साइड मिसळले तर उत्तम पांढरा प्रकाश मिळतो, हे ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून कित्येक दशके जगभर अशीच मँटल बनत होती.

याच पांढऱ्या भुकटीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून १९३० ते १९५० च्या दरम्यान जगभरातल्या लाखो माणसांच्या रक्तवाहिन्यांमध्ये टोचले गेले. रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर शरीराच्या आतले स्वच्छ चित्र दिसावे म्हणून. त्या औषधाचे नाव होते थोरोट्रास्ट. त्याची हकिकत आपण या लेखात पाहणार आहोत.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण वर्गातच सापडते. ‘युरेनियमसारखा किरणोत्सारी पदार्थ शरीरात गेला तर काय होते?’ असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ‘किरणोत्साराने पेशी मरतात, कर्करोग होतो’ असे आपण उत्तर देतो. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. युरेनियम आणि थोरियम हे आवर्तसारणीतले जवळचे शेजारी. त्यांचे अणुक्रमांक ९२ आणि ९०. दोघांचेही अर्धायुष्य अब्जावधी वर्षांचे. तरीही युरेनियमचा पहिला तडाखा बसतो तो मूत्रपिंडाला, आणि थोरोट्रास्टमधल्या थोरियमने घात केला तो यकृताचा. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता रसायनशास्त्र, पेशीविज्ञान आणि आकडेवारी या तिन्ही विषयांची गाठ पडते.

क्ष-किरणांना न दिसणारे अवयव

राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ च्या अखेरीस. हाडांची चित्रे लगेच मिळू लागली, कारण हाडांतल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे आणि मांसपेशींमधले कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन हे अणू त्याहून बरेच हलके आहेत. अणुक्रमांक जितका मोठा तितके क्ष-किरण अधिक अडतात. मात्र आतडी, यकृत, मेंदू, रक्तवाहिन्या या साऱ्यांची सावली जवळपास सारखीच पडते. त्यामुळे चित्रात ते अवयव वेगळे ओळखता येत नाहीत.

यावर युक्ती अशी, की ज्या पोकळीचे चित्र हवे तिच्यात मोठ्या अणुक्रमांकाचे एखादे द्रव्य भरायचे. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, व्हिएन्नातील हाशेक आणि लिंडेन्थाल यांनी मृत व्यक्तीच्या हाताच्या रक्तवाहिन्यांमध्ये खडूचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. पुढे जठर आणि आतड्यांसाठी बिस्मथचे क्षार आले आणि १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट रूढ झाले. आजही पोटाच्या तपासणीआधी रुग्णाला खडूच्या पाण्यासारखे जे मिश्रण पाजतात ते हेच.

येथे एक गंमत आहे. बेरियमचे विद्राव्य क्षार जहाल विषारी असतात. पण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते तोंडातून जाते, आतड्यातून पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी शौचावाटे बाहेर पडते. रक्तात शिरतच नाही म्हणून ते निरुपद्रवी. ‘जे विरघळत नाही ते अपाय करत नाही’ असा धडा यातून वैद्यकाने घेतला. धडा आतड्यापुरता खरा होता. आतड्याला दोन दारे असतात, एक आत येण्याचे आणि एक बाहेर जाण्याचे. रक्तवाहिनीत सोडलेल्या अविद्राव्य कणाला बाहेरचे दार कोठे आहे, हा प्रश्न पुढे विचारायला हवा होता.

मोनिश यांची अडचण

लिस्बनमधील मज्जाविकारतज्ज्ञ एगास मोनिश यांना जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाहायच्या होत्या. मेंदूत गाठ असेल तर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या बाजूला ढकलल्या जातात. चित्रात ते दिसले तर गाठीची जागा कळेल आणि शल्यविशारदाला अंदाजाने कवटी उघडावी लागणार नाही, असा त्यांचा विचार होता. १९२७ मध्ये सोडियम आयोडाइडचे द्रावण मानेतल्या रोहिणीत टोचून त्यांनी असे चित्र मिळवले. मेंदूच्या रक्तवाहिनी-चित्रणाची सुरुवात येथूनच मानली जाते.

पण आयोडाइडचे दाट द्रावण रक्तवाहिन्यांना झोंबत असे. वेदना होत, कधी झटके येत. याहून सौम्य काही हवे होते. अशा वेळी जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हायडेन या रासायनिक कंपनीने थोरोट्रास्ट बाजारात आणले. थोरियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि ते तळाला बसू नयेत म्हणून डेक्स्ट्रिन, असे ते कलिल होते. थोरियमचा अणुक्रमांक ९० असल्याने चित्र अतिशय ठळक येई. टोचताना रुग्णाला वेदना होत नसत आणि लगेचचे दुष्परिणाम फारसे दिसत नसत. १९३१ पासून मोनिश यांनीही आयोडाइड सोडून थोरोट्रास्ट वापरायला घेतले. ते वापरणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे, की समोर पडलेल्या रुग्णासाठी त्या दिवशी ते खरोखरच अधिक सौम्य औषध होते.

तारकापेशींचे काम

थोरोट्रास्टचा आणखी एक उपयोग होऊ लागला. शिरेतून ते टोचल्यावर काही काळाने यकृत आणि प्लीहा हे अवयवच क्ष-किरण चित्रात ठळक उमटतात, असे दिसून आले. जर्मनीत राट आणि जपानमध्ये ओका यांनी १९२९-३० च्या सुमारास या पद्धतीचा पाठपुरावा केला. यकृतातली गाठ किंवा गळू आता बाहेरून दिसू शकत होते.

यकृतच का उमटते? यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ यकृतातल्या मज्जातंतूंचा शोध घेत होते. सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या यकृताच्या कापांत त्यांना चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. या पेशी नक्की काय करतात ते १८९८ मध्ये क्राकोच्या तादेउश ब्रोविच यांनी ओळखले. त्या भक्षक पेशी आहेत. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून त्या बसलेल्या असतात आणि वाहत्या रक्तातले जीवाणू, झिजलेल्या रक्तपेशी, कोणताही परका कण पकडून गिळतात. आज आपण त्यांना कुप्फर पेशी म्हणतो. प्लीहा आणि अस्थिमज्जा यांच्यातही अशा भक्षक पेशी असतात.

जीवाणू गिळला तर पेशीतले पाचक रस त्याचा फडशा पाडतात. पण थोरियम ऑक्साइड हे सर्वाधिक उष्णता सोसणाऱ्या आणि सर्वांत कमी विरघळणाऱ्या ऑक्साइडांपैकी एक. पेशीने ते गिळले तर खरे, पण त्याचे पचन होईना आणि ते बाहेरही टाकता येईना. पेशी मेली की कण मोकळे होत आणि शेजारची दुसरी भक्षक पेशी ते गिळी. असा हा घास एका पेशीकडून दुसरीकडे जात राही. टोचलेल्या थोरियमपैकी सुमारे ६० टक्के यकृतात, २० टक्के प्लीहेत आणि १० टक्के अस्थिमज्जेत जाऊन बसे. आणि बसे ते कायमचेच. ते शरीरातून निम्मे बाहेर पडायला काही शतके लागतील, असा पुढे हिशेब निघाला. थोरोट्रास्ट दिलेल्या रुग्णांचे क्ष-किरण चित्र वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा घेतले, तर यकृत आणि प्लीहा त्यात तशाच ठळक दिसत.

म्हणजे ज्या गुणामुळे चित्र उमटत होते तोच गुण पुढे घातक ठरणार होता.

इशारे कोणी दिले होते?

थोरियम किरणोत्सारी आहे हे थोरोट्रास्टच्या काळात नवे नव्हते. १८९८ मध्ये गेरहार्ड श्मिट आणि मारी क्यूरी यांनी ते स्वतंत्रपणे दाखवले होते. मग हे औषध सुरक्षित कसे मानले गेले? समर्थकांचा भर थोरियमच्या मंद किरणोत्सारावर होता. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे. इतक्या सावकाश विघटन होणारा पदार्थ काय अपाय करणार?

हा युक्तिवाद वर्गात तपासून पाहण्याजोगा आहे. २५ मिलीलिटर थोरोट्रास्टमध्ये सुमारे ५ ग्रॅम थोरियम असे. त्यातले सुमारे ३ ग्रॅम यकृतात जाई. एका ग्रॅम थोरियममध्ये सुमारे २६ वर २० शून्ये इतके अणू असतात. अर्धायुष्य कितीही मोठे असले तरी अणूंची संख्याच इतकी प्रचंड आहे, की एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ४००० अणूंचे विघटन होते. म्हणजे यकृतात दर सेकंदाला १२,००० विघटने. आणि ही केवळ मूळ थोरियमची. थोरियमपासून रेडियम, त्यापासून थोरॉन हा वायू, मग पोलोनियम, शिसे, बिस्मथ अशी साखळी चालते आणि स्थिर शिशापाशी ती थांबेपर्यंत एकूण सहा अल्फा कण बाहेर पडतात. मँटल काही सेकंद हातात धरणाऱ्याला याची काळजी करण्याचे कारण नाही. पण हे रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, एकाच अवयवात चालले तर?

ही शंका तेव्हाही काहींना आली होती. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करत. त्यांच्या हाडांत रेडियम साठून जबडे सडले, काहींचा मृत्यू झाला. हॅरिसन मार्टलंड या विकृतितज्ज्ञाने १९२५ पासून हे प्रकरण पुढे आणले होते. शरीरात अडकून राहिलेला अल्फा-उत्सर्जक पदार्थ काय करतो ते यातून दिसले होते. १९३२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध व रसायन परिषदेने थोरोट्रास्टला मान्यता नाकारली. शरीरात कायम राहणारा किरणोत्सारी पदार्थ टोचण्यातला धोका हेच त्यामागचे मुख्य कारण होते. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये रुसी, ओबर्लिंग आणि गेराँ यांनी थोरियम ऑक्साइड टोचलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी झाल्याचे नोंदवले.

तरीही वापर थांबला नाही. टोचल्यानंतर दिवस गेले, महिने गेले, वर्षे गेली आणि रुग्णांना काही झाले नाही. डॉक्टरांच्या अनुभवाला ते औषध निर्धोक वाटले. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्या तपासण्यासाठीही ते वापरले गेले. धोका होता वीस-तीस वर्षांच्या अंतरावर आणि अनुभव होता दोन-चार वर्षांचा.

१९४७ मध्ये मॅकमहॉन, मर्फी आणि बेट्स या अमेरिकी विकृतितज्ज्ञांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. बऱ्याच वर्षांपूर्वी थोरोट्रास्ट टोचलेल्या या रुग्णाच्या यकृतात रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग आढळला होता. हा यकृताचा कर्करोग एरवी इतका दुर्मीळ आहे, की अनेक डॉक्टरांना साऱ्या कारकिर्दीत एकदाही दिसत नाही. दुर्मीळ रोगाचा असा उपयोग होतो. तो चोराच्या ठशासारखा कारणाकडे बोट दाखवतो. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्लास्टिक कारखान्यात काही कामगारांना नेमका हाच कर्करोग झाल्याचे ध्यानात आले, आणि त्यावरून व्हिनाइल क्लोराइड या वायूचा धोका उघड झाला.

१९५० च्या दशकात आयोडीनची नवी, सौम्य संयुगे मिळू लागली आणि थोरोट्रास्ट मागे पडले. पण ज्यांच्या यकृतात ते बसले होते त्यांच्यासाठी गोष्ट संपलेली नव्हती.

माणसे शोधून काढण्याचे काम

एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी थोरोट्रास्ट घेतलेली माणसे आणि न घेतलेली तशीच माणसे यांची तुलना करायला हवी. डेन्मार्क, पोर्तुगाल, पश्चिम जर्मनी, जपान या देशांतल्या संशोधकांनी हे चिकाटीचे काम हाती घेतले. जुन्या रुग्णालयांच्या वह्यांमधून नावे काढायची, युद्धात विखुरलेली माणसे शोधायची, त्यांना तपासणीला बोलवायचे, मृतांचे दाखले मिळवायचे. शरीरात किती थोरियम आहे हे मोजण्यासाठी एक सुंदर युक्ती होती. थोरियमच्या साखळीतला थोरॉन वायू श्वासावाटे बाहेर पडतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५५ सेकंदांचे. रुग्णाचा उच्छ्वास लगेच मोजणी-यंत्रात घेतला तर आतल्या थोरियमचा अंदाज बांधता येतो.

जर्मनीतला अभ्यास १९६८ मध्ये सुरू झाला. पुढे हायडेलबर्ग येथे गेरहार्ड फान काइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दशकानुदशके चालवला. थोरोट्रास्ट घेतलेले सुमारे २३०० रुग्ण आणि त्याच रुग्णालयांतले, तशाच वयाचे, पण थोरोट्रास्ट न घेतलेले सुमारे १९०० रुग्ण, अशी ही तुलना होती. पहिल्या गटात यकृताच्या कर्करोगाचे ४०० हून अधिक रुग्ण निघाले. दुसऱ्या गटात बोटांवर मोजण्याइतके. बहुतेकांना हा रोग टोचल्यापासून वीस वर्षे उलटल्यावर झाला. रक्ताचा कर्करोग आणि यकृताचा सिऱ्हॉसिस यांचे प्रमाणही पहिल्या गटात स्पष्टपणे जास्त होते.

या अभ्यासातली न सापडलेली गोष्टही तितकीच शिकवणारी आहे. हे रुग्ण जन्मभर थोरॉन उच्छ्वासत होते, तरी फुप्फुसाच्या कर्करोगात ठळक वाढ दिसली नाही. तुलनागट नसता तर ‘किरणोत्सारामुळे सगळेच कर्करोग वाढले’ असे कोणीही सहज म्हणून गेले असते.

पेशीत नेमके काय घडले?

अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक. तो जड आणि विद्युत्‌भारित असतो. त्वचेवरची मृत पेशींची पातळ चादरही त्याला अडवू शकते. म्हणून बाहेरचा अल्फा-उत्सर्जक पदार्थ फारसा भयंकर नसतो. पण तोच पेशीच्या आत जाऊन बसला तर कण आपली सगळी ऊर्जा काही मोजक्या पेशींच्या अंतरात टाकून देतो. यकृतपेशीची रुंदी २० ते ३० मायक्रोमीटर, आणि अल्फा कणाची झेप काही दहा मायक्रोमीटर. म्हणजे गिळणारी पेशी आणि तिचे दोन-चार शेजारी एवढेच त्याचे जग.

या वाटेवर तो दाटीवाटीने इलेक्ट्रॉन उडवत जातो. पाण्याचे रेणू फुटून अतिशय क्रियाशील मूलके तयार होतात. पेशीच्या केंद्रकातून तो गेला तर डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळच्या ठिकाणी तुटतात. एक धागा तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो नीट सांधते. दोन्ही तुटले तर सांधा चुकण्याचा संभव फार. काही पेशी मरतात, काही चुकीच्या सांध्यासह जगतात. अल्फा कणांचे जैविक नुकसान तेवढीच ऊर्जा देणाऱ्या गॅमा किरणांच्या वीसपट धरण्याचा जो संकेत आहे त्याचे कारण हेच. २५ मिलीलिटर थोरोट्रास्टमुळे यकृताला दर वर्षी सरासरी ०.२५ ग्रे इतकी अल्फा मात्रा मिळे.

आता यकृताचा स्वभाव पाहू. निरोगी यकृतातल्या पेशी क्वचितच विभागतात. चुकीचा सांधा असलेली पेशी वर्षानुवर्षे गप्प बसून राहू शकते. पण यकृताला स्वतःची भर काढण्याची विलक्षण शक्ती असते. आजूबाजूच्या पेशी मरत गेल्या, जागोजाग तंतुमय ऊती साचू लागल्या, की उरलेल्या पेशी विभागू लागतात. त्यांत ती चुकलेली पेशीही असते. प्रत्येक विभाजनाबरोबर चूक पुढच्या पिढीत जाते आणि वर नव्या अल्फा कणांचा मारा सुरूच असतो. इतका दीर्घ काळ का लागला याचे उत्तर या सावकाश चालणाऱ्या क्रियेत आहे. कुप्फर पेशींना लागूनच रक्तवाहिन्यांचे अस्तर असते, म्हणून त्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग झाला. पुढे कणांचे पुंजके पित्तनलिकांच्या आसपास साचत, म्हणून पित्तनलिकांचा कर्करोगही झाला आणि खुद्द यकृतपेशींचाही.

युरेनियमचा रस्ता वेगळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. युरेनियम नैसर्गिक अवस्थेत थोरियमइतकेच मंद किरणोत्सारी आहे असे म्हणायला हरकत नाही. वजनावारी पाहिले तर काही पट जास्त. पण त्याचे क्षार विरघळतात. रक्तात ते युरेनिल आयनाच्या रूपात बायकार्बोनेट आणि प्रथिने यांच्याशी जोडले जाते. त्यातला मोठा भाग एक-दोन दिवसांत मूत्रपिंडात गाळला जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्यातले बरेचसे हाडांत जाते आणि यकृताच्या वाट्याला थोडेच येते. बाहेर पडण्याच्या वाटेवरच त्याचा तडाखा बसतो. मूत्र आम्लधर्मी होऊ लागले की युरेनिल आयन बायकार्बोनेटपासून सुटतो आणि मूत्रनलिकेच्या पेशींना चिकटून त्यांना मारतो. हे काम रासायनिक विषाचे, शिसे किंवा पारा यांच्यासारखे. युरेनियमचे क्षार प्राण्यांच्या मूत्रपिंडांना इजा करतात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे बेक्वेरेल यांनी १८९६ मध्ये किरणोत्सार शोधण्याच्या कितीतरी आधी, ठाऊक झाले होते.

मग यकृतपेशी युरेनियमपासून सुरक्षित आहेत का? तसेही नाही. २००६ मध्ये इराणमधील पूरअहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या पेशी युरेनिल ॲसिटेटच्या द्रावणात ठेवून पाहिल्या. पेशींत ऑक्सिजनची क्रियाशील रूपे वाढली, पेशीपटलातील मेद ऑक्सिडीभूत झाले, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा विद्युत्‌दाब ढासळला, लयकारिकांची आवरणे फुटली आणि पेशी मेल्या. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये आधी दिली असता हे नुकसान कमी झाले. म्हणजे मारा किरणांचा नव्हता, रसायनाचा होता. मात्र ताटलीतल्या पेशींना जेवढे युरेनियम मिळते तेवढे शरीरातल्या यकृतापर्यंत सहसा पोहोचत नाही. प्रयोगाचा अर्थ लावताना हे भान ठेवावे लागते.

गंमत अशी, की थोरियममध्येही मूलकेच तयार होतात आणि युरेनियममध्येही. पण एकीकडे ती अल्फा कणाच्या मार्गावर तयार होतात आणि दुसरीकडे धातूच्या आयनामुळे बिघडलेल्या श्वसनक्रियेत. शेवटी जखमी होतात तीच पटले, तीच प्रथिने, तोच डीएनए.

बाहेरचे थोरियम, आतले थोरियम

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशातही येतो. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज सापडले. मँटलच्या कारखान्यांना थोरियम हवेच होते. त्यामुळे केरळच्या किनाऱ्यावरची ही वाळू जहाजांनी युरोपात जाऊ लागली. आज भारताच्या अणुऊर्जा योजनेत त्याच वाळूतल्या थोरियमवर मोठी भिस्त आहे.

या किनाऱ्यावर, कोल्लम जिल्ह्यातल्या करुणागप्पळ्ळी भागात, लोक पिढ्यान्‌पिढ्या थोरियमयुक्त वाळूवर राहत आले आहेत. तेथील सुमारे ७०,००० लोकांच्या दहा वर्षांहून अधिक काळच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीतून येणाऱ्या गॅमा किरणांमुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले नाही. या निष्कर्षाचा आणि थोरोट्रास्टच्या निष्कर्षाचा काही विरोध नाही. मूलद्रव्य तेच, पण एक पायाखाली आहे आणि दुसरे कुप्फर पेशीच्या पोटात. ‘थोरियम धोकादायक आहे का?’ हा प्रश्नच म्हणून अर्धवट आहे. कोणत्या रूपात, किती, कोठे आणि किती काळ, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना असा एक प्रश्न द्यावा, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. समजा तुम्ही १९३२ साली एखाद्या रुग्णालयात आहात. मेंदूत गाठ असल्याची शंका असलेला रुग्ण समोर आहे. आयोडाइडने त्याला आजच झटका येऊ शकतो. थोरोट्रास्टने आज काहीच होणार नाही, पण मान्यता नाकारल्याची बातमी तुम्ही वाचली आहे. तुम्ही काय टोचाल? आणि हाच प्रश्न पोटदुखीची साधी तपासणी करायला आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाबद्दल असेल तर?

आमचा अनुभव असा, की दुसरा प्रश्न आला की वर्गातली चर्चा रंगते. पहिल्या रुग्णापाशी वेळ थोडा आहे, तरुणापुढे सगळे आयुष्य आहे. औषध तेच असूनही उत्तर बदलते, हे मुलांच्या लक्षात यायला फार वेळ लागत नाही. त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांनी दोघांनाही तीच बाटली टोचली. त्यांतले जे तरुण पुढे वीस-तीस वर्षे जगले, त्यांच्यातल्याच अनेकांच्या नोंदी हायडेलबर्गच्या त्या ४०० जणांमध्ये आहेत.